सरांचे तास

"आमच्या वेळी शिकाऊ डॉक्टर घरी जायचा तो फक्त लग्नाला. तेही स्वतःच्या," मोठे सर हात धुता धुता पुटपुटले. पुटपुटणं अर्थातच शेजारच्या नळावरच्या धाकटीला ऐकू जाईल इतकं मोठं होतं.

धाकटी म्हणजे त्यांच्या हाताखाली शस्त्रक्रिया शिकणाऱ्यांतली सगळ्यात नवी. काल संध्याकाळी तिचे ठरलेले तास भरले आणि नियमाप्रमाणे तिला घरी पिटाळण्यात आलं. ती गेली, जेवली, ढाराढूर झोपली. इकडे फुटलेल्या आतड्याचा एक पेशंट आला, त्याच्या पाठोपाठ दुसरा. शिकाऊंना थांबवायचं नाही, म्हणून सरच उभे राहिले. आज ती ताजीतवानी होऊन आली, तर सर कालच्याच कपड्यांत.

"झोप झाली का राणीसरकारांची?"

"झाली, सर. तुमची?"

"मला कुठला नियम लागू आहे?" ते हसले.

गोम तिथेच होती. शिकाऊंचे तास मोजायला आख्खं ऑफिस बसलेलं. सरांचे मोजायला कुणी नाही. पोरांच्या वाट्याचं जागरण सर करतात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे मूग गिळून होते. बोलणार कोण? धाकटीला तर सरांच्या शेऱ्याशिवाय पुढचं वर्षच नव्हतं.

टेबलावर एक सुतार होता, भूल दिलेला. डाव्या जांघेत हर्निया. सकाळी तिनेच तिथे शाईने खूण केली, तेव्हा तो म्हणाला होता, "ताई, सर स्वतः करणार ना? मग मी निवांत."

चीर देण्याआधी सगळ्यांनी थांबून आजार आणि बाजू मोठ्याने म्हणायची पद्धत होती.

"हर्निया," सर म्हणाले. "उजवा."

सिस्टरांचा हात ट्रेवरच थांबला. "डावा, सर."

"तेच ते. परीक्षा घेत होतो तुमची."

भूल देणाऱ्या बाई हसल्या, सिस्टरही हसल्या. हसण्यावारी नेलं की कुणालाच काही करावं लागत नाही. धाकटीने मात्र सरांकडे नीट पाहिलं. ज्या हातांनी तिला गाठ मारायला शिकवलं, ते अजून स्थिर होते. पापण्या तेवढ्या जड होऊन मिटत होत्या.

"आणखी कुणाला काही म्हणायचंय?" हा शेवटचा प्रश्नही पद्धतीतलाच, आणि त्याचं उत्तरही सवयीचं.

"नाही," भूलवाल्या बाई म्हणाल्या.

"नाही," सिस्टर खाली बघत म्हणाल्या.

"मला म्हणायचंय." धाकटीचा आवाज चिरकला, तिने तो सावरला. "शेजारच्या थिएटरमधल्या मॅडम आत्ताच मोकळ्या झाल्यात. त्यांना बोलावू या. मी मदतीला उभी राहते."

"का? मला काय धाड भरलीय?"

सिस्टरांनी डोळे वटारून तिला गप्प राहायची खूण केली. ती गप्प राहिली नाही.

"तुम्ही कालपासून झोपलेले नाही, सर. आज तुमच्या हातात सुरी नको."