सिपोराक्काचा मांडव

मल्लप्पानं आयुष्यात लग्नाचे, बारशाचे, पुढाऱ्यांच्या सभांचे, सगळे मांडव घातले होते. पण लग्न नाही, बारसं नाही, नुसतं बसून जेवायला मांडव, असलं काम त्याच्याकडं पहिल्यांदाच आलं आणि गडी असा हरखला की काही विचारू नका. काम होतं शेजारच्या सिपोराबाई झिराडकरांचं. जुळे सोलापुरात दोघांच्या घरांची भिंत एकच. सिपोराबाई ज्यू, शाळेतून निवृत्त झालेल्या, नवरा जाऊन सात वर्षं झालेली. मल्लप्पा वळसंगचा लिंगायत, त्यांना अक्का म्हणायचा.

अक्कांनी त्याला बसवून सगळं समजावलं. सणाचं नाव सुक्कोथ, म्हणजे मांडवाचाच सण. मिसर देशातल्या गुलामीतून सुटलेले त्यांचे पूर्वज चाळीस वर्षं रानोमाळ हिंडले, झोपड्यांत राहिले, आणि देवानं त्यांना सांभाळलं. त्याची आठवण म्हणून पक्कं घर सोडायचं आणि सात दिवस मांडवात जेवायचं. त्यांचा वर्षातला मोठा उपास झाला की पाचव्या दिवशी, पौर्णिमेला, सुगीचं धान्य घरात आलेलं असताना. मल्लप्पानं कॅलेंडर बघितलं तर त्याच दिवशी कोजागिरी! दरवर्षी तसं नसतं, अक्का म्हणाल्या, कधी भाद्रपदाची पौर्णिमा येते, कधी आश्विनाची. मल्लप्पाला त्याचं काही नव्हतं. चंद्र काय दोन हायत व्हय, असं म्हणून तो अक्कांच्या गच्चीवर मोजमाप घ्यायला पळाला.

खरी गोष्ट होती ती अक्कांच्या भावाची. एकोणचाळीस वर्षांपूर्वी सगळं माहेर इस्रायलला निघालं तेव्हा अक्का निघाल्या नाहीत. सासू अंथरुणाला खिळलेली, तिला टाकून जायचं कसं? थोरला भाऊ एलियेझर तेव्हा तोडून बोलला होता की, यापुढं तुझ्या हातचा घास घेणार नाही. त्यानंतर आत्ता, गेल्या महिन्यात, त्याचा फोन आला. येतो म्हणाला. मांडव नियमाला धरून असेल तर तुझ्याकडं जेवीन, नसेल तर माझं मी खाईन. मल्लप्पानं तिथल्या तिथं छातीवर हात ठेवून सांगितलं, असा मांडव घालतो की तुमचे भाऊ ताटावरनं उठायचे न्हाईत.

नियम दोनच होते. छप्पर जमिनीतून उगवलेल्या, कापून आणलेल्या वस्तूचं हवं, आणि त्यातून चांदण्या दिसल्या पाहिजेत. मल्लप्पानं गावाकडनं कडबा मागवला, बांबू उभे केले, बाजूनं पडदे लावले, झेंडूची तोरणं सोडली. बायको रत्नम्मा म्हणाली, सांगितलंय तेवढंच करा, अंगचं शहाणपण नको. पण आभाळ रोज भरून येत होतं आणि मल्लप्पाच्या मांडवात आजवर पावसाचा थेंब पडलेला नव्हता. त्यानं डोकं चालवलं. कडब्याच्या वरून पारदर्शक प्लास्टिक ताणून बांधलं. चांदण्याही दिसणार, पाऊसही थांबणार! कुणाला सांगितलं नाही. अक्कांना आपसूक कळेल तेव्हा केवढ्या खूश होतील, या विचारानं तो मनातल्या मनात फुगत होता.

सोमवारी सकाळी सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं एलियेझर उतरला. ताठ, पांढरी दाढी, बोलणं मोजकं. चारला पावसाची जोराची सर आली आणि मल्लप्पा मांडवात उभा राहून कोरडी फरशी बघत राहिला. अंगावर मूठभर मांस चढलं त्याच्या. सूर्य बुडायच्या आत अक्कांनी दिवे लावले, सगळे वर आले. नारळाच्या दुधातलं माशाचं कालवण, भात, चपात्या, प्रार्थनेसाठी मनुकांचं सरबत. मल्लप्पा आणि रत्नम्मालाही बसायचं आमंत्रण होतं. ती दोघं सकाळीच बजावून आलेली, आमचं ताट शाकाहारी.

एलियेझरनं सरबताचा पेला हातात घेतला, वर बघितलं आणि थांबला. दिव्याच्या उजेडात कडब्याच्या फटींतून काहीतरी चकाकत होतं. त्यानं पेला खाली ठेवला.

"सिपू, वर प्लास्टिक आहे."

अक्कांच्या तोंडचं पाणी पळालं. मल्लप्पा खुशीत म्हणाला की चांदण्या दिसतात की, बघा नीट. कुणी हसलं नाही. अक्का हळू आवाजात म्हणाल्या, "मल्लप्पा, प्लास्टिक जमिनीतून उगवत नाही. वर आभाळच हवं. उघडं."

"मग काढतो की, त्यात काय."

सूर्य बुडाला होता, सण लागला होता. आता बांधणं, सोडणं, तोडणं त्या दोघांना वर्ज्य, आणि दुसऱ्याला कर म्हणणंही वर्ज्य. मल्लप्पाला हे अक्कांनी सकाळीच बोलता बोलता सांगितलं होतं, म्हणून तर दिवे आधी लावले होते. एलियेझरचा हात पिशवीत गेला आणि खजुराचं पाकीट बाहेर आलं. ते बघून मल्लप्पाला काय झालं ते कळलं. एकोणचाळीस वर्षं, आणि ती बुडवली कुणी तर आपल्या हुशारीनं! अक्का त्याच्याकडं बघत होत्या. त्या काही मागत नव्हत्या, मागू शकत नव्हत्या, आणि त्यांचे डोळे भरले होते.

"मला कुणी काय सांगू नका," मल्लप्पा म्हणाला. "मांडव माझा हाय. मला त्यो असा आवडत न्हाई."

त्यानं शिडीचा घोडा ओढला, साठीचे गुडघे करकरत वर चढला. सोळा ठिकाणी बांधलेलं, आणि गाठी स्वतःच्या, म्हणजे सुटायच्या नाहीत. रत्नम्मानं खालून विळा दिला आणि एकदाचं बोललीच, आता दाखवा शहाणपण. तो सपासप कापत सुटला. शेवटची दोरी तुटली आणि चारच्या सरीचं साठलेलं सगळं पाणी मल्लप्पाच्या डोक्यावर. नखशिखांत भिजला बिचारा. प्लास्टिक गोळा करून त्यानं पलीकडं स्वतःच्या गच्चीत भिरकावलं आणि खाली उतरला.

सगळ्यांनी वर बघितलं. ढग फाटले होते. कडब्यातून चंद्राचं चांदणं ताटांवर पडत होतं, आणि शेजारच्या गच्च्यांवर लोक दूध आटवायला जमत होते. एलियेझर बराच वेळ मान वर करूनच उभा राहिला. मग त्यानं पेला उचलला, प्रार्थना म्हटली. खजुराचं पाकीट त्यानं मल्लप्पाच्या ओल्या हातात दिलं आणि बहिणीसमोर मांडी घालून बसला.

"सिपू," तो म्हणाला, "वाढ."

अक्कांचं लक्ष भावाच्या तोंडाकडं, कालवणाचा पहिला डाव निम्मा चटईवर सांडला. त्यानं सांडलेलं बोटानं पुसून घेतलं आणि तेच आधी खाल्लं.