फासायचा केक मी करत नाही

"वहिनी, औंदा पंचवीस किलो! तीन न्हाई, चार थर. वर भाऊंचा फोटो. अन् क्रीम जरा जास्त ठिवा, तोंडाला लावायला पुरलं पायजे."

मे महिन्यातल्या एका सकाळी जीवन रोहिणीच्या दारात उभा राहून ऑर्डर सांगत होता. सिरसाळ्यात घरगुती केक करणारी रोहिणी एकटीच. आणि जीवन हा विजयसिंह भाऊंचा कार्यकर्ता. विजयसिंह म्हणजे गावातल्या मोठ्या बागाईतदाराचे चिरंजीव, पंचायत समितीला उभं राहायच्या तयारीत असलेले. दर वर्षी त्यांचा वाढदिवस भर चौकात साजरा होई. बॅनर लागत, तलवारीने केक कापला जाई आणि पाच मिनिटांत तो सगळा केक एकमेकांच्या तोंडाला, केसांना, शर्टाला लागे. उरलेला रस्त्यावर. तुमच्या गावातही असा वाढदिवस होतच असेल, म्हणून जास्त सांगत नाही.

"खायला किती किलो अन् लावायला किती?" रोहिणीने विचारलं.

जीवन हसला. "खातंय कोण, वहिनी?"

"मग मी न्हाई करणार."

"म्हंजे?"

"फासायचा केक मी करत न्हाई. खायचं काही सांगा, शंभर माणसांचं करून देते."

जीवनला आधी थट्टा वाटली. रोहिणी हसत नाही हे पाहिल्यावर तो गाडीला किक मारून निघून गेला.

दुपारी रोहिणीचा नवरा तानाजी जेवायला आला तो तापूनच. त्याचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं आणि दुकानाचा गाळा विजयसिंहांच्या घरचा होता.

"अगं, उद्या गाळा खाली करा म्हणले, तर मोटारी काय घरात भरू का? एका केकासाठी कावून वाईटपणा घ्यायचा? करून दे अन् मोकळी हो!"

"मागल्या वर्षी करून दिलाच की. झाले का मी मोकळी?"

तानाजी पाय धुऊन ताटावर बसला.

मागच्या वर्षीच्या केकात थर सरकू नयेत म्हणून रोहिणीने लाकडी काड्या खोचल्या होत्या. कापायच्या आधी काड्या काढा, असं तिने बजावून सांगितलं होतं. पण त्या गोंधळात काढणार कोण! विजयसिंहांचा ट्रॅक्टर चालवणारा नाथा पुढेच उभा होता. मागून मानेवर हात पडला आणि त्याचं तोंड केकात दाबलं गेलं. सगळे ओरडले, मोबाइल वर झाले. नाथाने तोंड वर केलं तेव्हा पांढरं क्रीम लाल होत चाललं होतं. त्याचा डावा डोळा गेला. गावाने त्याला अपघात म्हटलं आणि विषय संपवला. रोहिणीला मात्र तेव्हापासून काड्यांचं पाकीट हातात धरवत नव्हतं.

"काडी माझ्या हातची होती," ती म्हणाली. "पुन्यांदा न्हाई."

तानाजीने ताटातली भाकरी तशीच ठेवली. त्याने विचारलं, "मग काय करायचं म्हणतीस?"

"घरात बसून न्हाई म्हणायचं न्हाई. त्यांना समोर जाऊन सांगायचं. अन् केकाच्या जागी काय करता येतंय, ते बी दाखवायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ओव्हन तापत ठेवला. चार दिवसांपूर्वीच्या वावटळीत पडलेले केशर आंबे घरात होते, काही पिकलेले, काही पाडाला आलेले. पुण्याच्या क्लासमध्ये मॅडमनी तिला कॉब्लर हे पीचच्या फोडी घालून भाजायचं परदेशी पक्वान्न शिकवलं होतं. सिरसाळ्यात पीच कुठून आणणार? आपला आंबा काय वाईट आहे! तिने ट्रेमध्ये तूप पातळ करून घेतलं, त्यावर मैदा, साखर, दूध आणि चिमूटभर बेकिंग पावडरचं सरसरीत मिश्रण ओतलं आणि वर आंब्याच्या फोडी पसरून वेलदोड्याची पूड भुरभुरली.

रोजचं दूध घेऊन साखराबाई आली होती. ती वस्तीवरची, शेळ्या आणि दोन गाई राखणारी म्हातारी. नाथाची आई. ती उंबऱ्यात टेकून बघत होती.

"हलवून एकजीव न्हाई करायचं का गं?"

"न्हाई मावशी. फोडी खाली जात्यात अन् पीठ आपलं आपण वर येतं."

अर्ध्या तासात घरभर तुपाचा, वेलदोड्याचा, आंब्याचा वास भरला. वर खरपूस तांबूस पापुद्रा, कडेने रस उकळत असलेला. रोहिणी कुठे निघाली आहे हे ऐकल्यावर साखराबाईने पदर खोचला.

"मी बी येते. वर्ष झालं, मला त्यांना एक इचारायचं हाय."

दोघी पोचल्या तेव्हा विजयसिंह घराच्या ओसरीवर बॅनरचे नमुने पाहत बसले होते. शेजारी त्यांची आई बायनाबाई लोणच्याच्या कैऱ्या पुसत होत्या. रोहिणीला पाहताच विजयसिंह म्हणाले, "ऑर्डर नाकारली म्हणं? आमी काय पैसे बुडवितो का?"

"न्हाई भाऊ. तुमी वेळेवर देता. पण माझ्या हातच्या केकानं एक डोळा गेला. दुसरा जाऊ द्यायचा न्हाई मला."

"तो अपघात होता. अन् नाथा आता बरा हाय. जीवननं सांगितलं मला."

"तुमी बघायला आलता का?" साखराबाईने विचारलं.

विजयसिंह बॅनरकडे पाहू लागले. "वाढदिवस हाय, मावशी. जरा मजा चालायचीच. पोरं जीव टाकतात माझ्यावर."

"भाऊ, गुलाल लावायचाच असतो, लावा," साखराबाई म्हणाली. "पण दूध, साखर, पीठ हे काय तोंडाला फासायचं असतंय? अन् ज्याच्या तोंडाला लावता, त्याला कधी इचारलं का? मोठ्या माणसापुढं गरिबाला न्हाई म्हणता येत न्हाई. तुमच्यासाठी ती मजा असती. त्याच्यासाठी ती हाजरी असती! चुकवली तर काम जाईल, असं भ्या असतंय त्याला." म्हातारी एक पायरी वर चढली. "मला एवढंच सांगा, माझ्या लेकराच्या मानेवर हात कोणाचा होता?"

बायनाबाईंच्या हातातली कैरी तशीच राहिली.

"विजू," त्या म्हणाल्या, "मला तू म्हणलतास, नाथा घसरून पडला."

विजयसिंह ताडकन उठले. आता ते ओरडणार, असं रोहिणीला वाटलं. पण त्यांनी चपला घातल्या. "चला. कुठं हाय नाथा?"

नाथा वस्तीवर लिंबाखाली दोर वळत बसला होता. भाऊंना पाहून तो गडबडीने उभा राहिला. रोहिणीने बरोबर आणलेलं गरम कॉब्लर वाट्यांत काढलं आणि एक वाटी त्याच्यापुढे धरली. नाथाने हात पुढे केला. बोटं वाटीच्या अलीकडेच मिटली, रिकामी. त्याने पुन्हा अंदाज घेतला, तेव्हा कुठे वाटी हाती लागली.

"एका डोळ्यानं लांब-जवळ कळत न्हाई," तो ओशाळून म्हणाला. "म्हणून ट्रॅक्टर सोडला."

विजयसिंहांचा चेहरा पडला. "नाथा, तो हात माझा होता."

"ठाऊक हाय, भाऊ."

"मग बोलला कावून न्हाईस?"

"तुमचा वाढदिवस होता."

या तीन शब्दांनी जे केलं, ते वर्षभराच्या तक्रारींनी केलं नसतं! विजयसिंह तिथेच मातीत बसले. त्यांनी हात जोडले. नाथाने ते हात खाली केले नाहीत आणि धरलेही नाहीत. "डोळा काय परत येत न्हाई, भाऊ," तो म्हणाला. "पण आज येऊन म्हणलात, हे बरं केलं. आता हे चौकात म्हणा."

वाढदिवसाच्या संध्याकाळी चौकात एकच बॅनर होता. तलवार नव्हती. केकाऐवजी या वेळी रोहिणीला कॉब्लरच करायला सांगितलं होतं. तरीही कार्यकर्त्यांनी हौसेने बाहेरगावाहून मोठा केक आणलाच होता. सुरी फिरली आणि सवयीने जीवनने मूठभर क्रीम उचलून भाऊंच्या तोंडाकडे हात नेला.

विजयसिंहांनी त्याचं मनगट धरलं.

"बस, बे! आजपासून कुणी कुणाच्या तोंडाला हात लावायचा न्हाई." त्यांनी माइक घेतला. "मागल्या वर्षी नाथाचा डोळा गेला, तो माझ्या हातानं गेला. वर्षभर मी त्याला अपघात म्हणलो. मी खोटं बोललो!"

मागे दोघे-तिघे कुजबुजले, एकजण रागाने निघूनही गेला. पण विजयसिंहांनी माइक खाली ठेवला नाही. बागेच्या पाण्याचं काम नाथा पाहील, पगार ट्रॅक्टरचाच राहील, हेही त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं.

मग रोहिणीने आणि तानाजीने गरम ट्रे टेबलावर मांडले. बाहेरून आणलेला केक नीट कापून मुलांना वाटला गेला. वाटीत चमचा घालताच आंब्याचा रस वर यायचा, तोंड पोळायचं, आणि लोक फुंकर घालघालून खायचे. बायनाबाई स्वतः वाढायला उभ्या राहिल्या. त्यांनी पहिली वाटी साखराबाईला दिली.

गाळ्याचा विषय पुन्हा निघाला नाही. पण तो निघाला असता, तरी रोहिणी मागे हटली नसती, हे तानाजीला कळलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने तिच्या दारावर स्वतःच्या हाताने पाटी रंगवून लावली: "येथे खाण्यासाठी केक मिळेल."

मित्रांनो, आनंद साजरा करायला कुणाचीच हरकत नाही. पण ज्या मजेत समोरच्याला 'नको' म्हणायची सोय नसते, ती मजा नसते, जबरदस्ती असते. आणि माणसाच्या पोटासाठी केलेला घास त्याच्या पोटातच गेला पाहिजे. पुढच्या वेळी तुमच्यासमोर कुणाच्या मानेवर हात पडेल, तेव्हा मोबाइल वर करू नका. तो हात धरा!