बडनेऱ्याच्या फलाटावरची प्रार्थना

अकोल्यात जठारपेठेच्या मागच्या एका गल्लीत लहानसं प्रार्थनाघर आहे. शेखर तायडे तिथला पाळक. आवाज चांगला, शब्द सहज सुचणारे. कुणाचं लग्न असो, ऑपरेशन असो, कुणी नवी मोटरसायकल घेतलेली असो, लोक त्यालाच बोलावत. तो डोळे मिटायचा आणि नळ सोडावा तशी प्रार्थना सुरू व्हायची. रोज सकाळी मोबाइलवर तो एक छोटा संदेश टाकायचा, अन् तो अकोटपासून अमरावतीपर्यंत फिरायचा.

एक गोष्ट फक्त नीलमला, त्याच्या बायकोला माहीत होती. एकटा असताना शेखर आता प्रार्थना करत नव्हता. तरुणपणी अकोटजवळच्या त्याच्या गावी तो पहाटे शेताच्या धुऱ्यावर जाऊन बसायचा, देवाशी भांडायचा, रडायचा. ते कधी थांबलं, हे त्यालाही सांगता आलं नसतं. नीलमने एकदाच विचारलं होतं, “तुमी आता एकटे बसत नाही काय?”

“टाइम कुठी भेटून राहिला?” तो म्हणाला होता. तिनं पुन्हा विचारलं नाही.

त्या हिवाळ्यात अमरावतीला दोन दिवसांची संजीवन सभा होती. आयोजक केशवरावांनी विषयही कळवला होता: देवाला सगळ्या मनानं शोधणारा सेवक. शेखर अकोल्याहून रेल्वेने बडनेऱ्याला उतरला. केशवरावांची गाडी यायला अवकाश होता, म्हणून फलाटावरच्या बाकावर बसून तो भाषणाचे कागद वाचू लागला. एक वाक्य त्याला जमत नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. पार्बताबाईंचा होता.

पार्बताबाई आणि वामनराव हे त्याच्या प्रार्थनाघरातल्या मंडळीतलं म्हातारं जोडपं. वामनराव एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. ते आठवडाभर दवाखान्यात होते, आणि शेखर रविवारी त्यांना भेटूनही आला होता. त्याने फोन कानाला लावला, पण नजर कागदावरच ठेवली. बाई रडत होत्या, मधेच काहीतरी बोलत होत्या. शेखरने पेनने एक शब्द खोडला, वर दुसरा लिहिला.

“हो पार्बताबाई, हो. घाबरू नका. प्रभू आहे. आपण आत्ताच प्रार्थना करू.”

पलीकडचं रडणं थांबलं. त्याने डोळेही मिटले नाहीत.

“हे स्वर्गीय पित्या, तुझा दास वामनराव याच्यावर तुझा हात ठेव. त्याच्या अंगात बळ घाल. त्याला अंथरुणावरून उठव. तो आपल्या पायांनी चालत घरी येवो आणि येत्या रविवारी तुझ्या मंदिरात उभा राहून साक्ष देवो. येशूच्या नावात मागतो. आमेन.”

कुणी आमेन म्हटलं नाही. मग एक वेगळा आवाज आला. वामनरावांची मुलगी, वर्षाली.

“पास्टर, बाबा गेले. आईनं तेच सांगतलं तुमाले. दोनदा सांगतलं. फोन स्पीकरवर हाय. बाबा इथंच समोर हायत. सारे पाहुणे बसले हायत.”

शेखरच्या हातातले कागद खाली पडले. आणि विचार करायच्या आधीच त्याच्या तोंडून निघालं, “आवाज तुटत होता, वर्षाली. मी स्टेशनवर आहे. नेटवर्क नाही इथं. मला नीट ऐकूच आलं नाही.”

पार्बताबाईंनी फोन घेतला असावा. त्यांचा आवाज थकलेला होता. “राहू द्या, पाळकसाहेब. माया पोरगा चंदन सुरतेवून येऊन राहिला, माती उद्या हाय. तुमी तिकडचं करून या. लोक वाट पायत असतीन.”

फोन बंद झाला. त्याने कागद गोळा केले. त्या क्षणी परतीची गाडी धरता आली असती. हे त्याला कळत होतं. पण तेवढ्यात केशवराव स्वतःच समोर आले, त्यांनी हसत त्याची बॅग उचलली, आणि तो त्यांच्या मागोमाग चालू लागला. रस्ताभर केशवराव मंडपाबद्दल, गर्दीबद्दल बोलत होते. शेखर हूं हूं करत राहिला. प्रेतासमोर बसलेल्या लोकांनी ती प्रार्थना ऐकताना काय केलं असेल, एवढंच त्याच्या डोळ्यांपुढे येत होतं. कुणी मान खाली घातली असेल. कुणी पार्बताबाईंकडे पाहिलं असेल. आणि त्याने त्यांना काय दिलं? नेटवर्कचं कारण.

सभेत केशवरावांनी ओळख करून दिली, “आपल्या वऱ्हाडातला प्रार्थनेचा माणूस.” शेखरला वाटलं, आता आपल्याच्याने उभं राहवणार नाही. पण तो उभा राहिला, बोलला, आणि चांगलं बोलला. तेच त्याला सगळ्यात भयंकर वाटलं. बायका पदराने डोळे पुसत होत्या. एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ हात वर करून रडत होते. शेखर स्वतःचाच आवाज ऐकत होता, शेजारच्या घरातला रेडिओ ऐकावा तसा.

सभा संपल्यावर लोक प्रार्थनेसाठी पुढे आले. पौर्णिमा नावाची एक बाई हात जोडून म्हणाली, “पास्टर, माया भावासाठी प्रार्थना करा. घर सोडून गेला.”

त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. “हे स्वर्गीय पित्या, तुझा दास...” आणि तो अडला. नाव आठवेना. “ताई, भावाचं नाव काय म्हणालात?”

ती गोंधळून त्याच्याकडे पाहू लागली. “मी नाव सांगतलंच नाही अजून.”

शेखरने हात खाली घेतला. “ताई, मले माफ करा,” तो म्हणाला. “जरा बसा. काय झालं ते सांगा.”

तिनं सांगितलं. भावाचं नाव रोहित. बापाशी झालेलं भांडण, बंद असलेला मोबाइल, रोज संध्याकाळी ताट वाढून ठेवणारी आई. तो ऐकत होता, आणि ऐकायला किती जड जातंय हे त्याला जाणवत होतं. मन सारखं पळत होतं. पुढचा माणूस, केशवराव, उद्याचं भाषण. ते पुन्हा पुन्हा ओढून आणावं लागत होतं. शेवटी तो एवढंच म्हणाला, “प्रभू, रोहितला घरी आण. त्याच्या आईकडे बघ.” पौर्णिमा तशीच बसून राहिली, तिला वाटलं असावं अजून काही बाकी आहे. मग ती गेली.

त्याने केशवरावांना वामनराव गेल्याचं सांगितलं, आणि उद्या मी बोलणार नाही असंही.

“मातीले जा न तुमी, आमी काय नाही म्हणतो?” केशवराव वैतागले. “दुपारून परत या. बोर्डावर नाव हाय तुमचं. लोक काय म्हणतीन?”

“माती हे एक कारण झालं,” शेखर म्हणाला. “दुसरं असं की मी आज जे बोललो, ते मी करत नाही.”

केशवरावांना हे आवडलं नाही. त्यांनी ते नम्रपणाचं बोलणं समजून हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला, पण शेखर हसला नाही.

सकाळच्या पहिल्या एसटीने तो अकोल्याला परतला आणि घरी न जाता थेट वामनरावांकडे गेला. गल्लीत मांडव घातला होता. चंदन आला होता, बापाच्या शवपेटीशेजारी बसला होता. शेखर आत शिरताच बोलणं थांबलं. एकाने खुर्ची पुढे केली. शेखरला ती खुर्ची नको होती. वर्षालीने त्याच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

पार्बताबाई आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. शेखर त्यांच्यासमोर जमिनीवर बसला. येताना एसटीत त्याने वाक्यं जुळवली होती, ती सगळी गेली. तोंडून त्याची गावाकडची बोलीच आली.

“मावशी, काल नेटवर्क चांगलं होतं. मी आइकून नव्हतो राहिलो. मी माये कागद वाचत होतो. अन् वरून खोटं बोललो.”

पार्बताबाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

“मले मालूम हाय,” त्या म्हणाल्या. “तुमच्या मागं चायवाला वरडून राहिला होता, तो बी साफ आइकू येत होता.” त्यांनी पदर सारखा केला. “माया नवरा समोर पडला होता, अन् तुमी त्याले चालवून राहिले होते. पोट्टी रडू का हासू, तिले समजेना. मले लय राग आला होता, पाळकसाहेब. आताबी हाय.”

“हो.”

“माफ केलं म्हणू काय? माया तोंडून नाही निंगत आज.”

“नका म्हणू.”

त्याला वाटलं, आता आपण उठावं. दुसऱ्या कुठल्या पाळकाला मातीसाठी बोलवावं, असं तो म्हणालाही. बाईंनी मान हलवली. “हे तुमच्याच देवळात येत होते. तुमीच करा. पन करसान तं त्यायच्यासाठी करा.”

“मग मला त्यांच्याबद्दल सांगा,” शेखर म्हणाला, आणि ते म्हणतानाही त्याला लाज वाटली. इतकी वर्षं तो माणूस दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन प्रार्थनाघराच्या खिडक्या उघडत होता, आणि शेखरला त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काहीच माहीत नव्हतं.

बाई आधी नाखुशीने बोलू लागल्या, मग बोलतच राहिल्या. वामनराव अकोटच्या रस्त्यावर गाडी चालवायचे. गाडी सुरू करायच्या आधी स्टेअरिंगवर हात ठेवून ओठ हलवायचे. “कंडक्टर म्हने, वामनराव, रोज सकाळी कोनाले शिव्या देता? हे कोनाले सांगत नसत. मलेबी लग्नानंतर लय दिवसांनी सांगतलं. म्हने, एवढी मानसं बसली हायत मागं, मले एकट्याले भेव लागते, म्हनून त्याले म्हनतो, तू बस माया बाजूले.”

शेखरने मान खाली घातली. त्याला रडू येत होतं आणि ते इथे येऊ नये असं वाटत होतं, कारण हे घर त्याच्या रडण्याचं नव्हतं.

दुपारी कबरस्तानात माती झाली. शेखर थोडकं बोलला, दोन ठिकाणी अडखळला. मोठे शब्द तोंडाशी येत होते, ते त्याने येऊ दिले नाहीत. मंडळीतल्या काही जणांना ते फिकं वाटलं, तसं ते परतताना बोललेही. चंदनने हात मिळवला. वर्षालीने मिळवला नाही.

घरी आल्यावर त्याने नीलमला सगळं सांगितलं. तिला काल संध्याकाळीच शेजारणीकडून कळलं होतं. “मी वाट पाहत होती, तुमी सांगता का नाही ते,” ती म्हणाली, आणि त्याच्यापुढे ताट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्याने मोबाइलवर संदेश टाकला नाही. सकाळी प्रार्थनाघराचं कुलूप काढून तो आत जाऊन सतरंजीवर बसला. देवाशी बोलायला तोंड उघडलं, तर तेच ठरलेले शब्द येऊ लागले. तो थांबला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबला. फलाटावरचा आपला आवाज त्याला ऐकू येत होता, आणि तो आवाज इतकी वर्षं देवानेही ऐकला असणार, या विचाराने त्याला मान वर करवेना. उठून जावंसं वाटलं. बाहेर भाजीवाली ओरडत गेली, कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली.

“मले काहीच येत नाही,” तो शेवटी म्हणाला. “पन मी जाऊन नाही राहिलो.”

उत्तर आलं नाही. लाजही गेली नाही. पण गुडघे दुखू लागले तरी तो उठला नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिथे जाऊन बसला.