विरुद्ध बाजूची सही

धाकटीचं ठरलं होतं. ताईला मूल होत नव्हतं, डॉक्टरांनी दुसऱ्या कुणाची तरी स्त्रीबीजं घ्यावी लागतील असं सांगितलं होतं, आणि धाकटी म्हणाली होती, "दुसऱ्या कुणाची कशाला? मी आहे ना." इतकं सरळ वाक्य त्या घरात फारसं कुणी बोलत नसे, त्यामुळे ते पचायला सगळ्यांनाच जड गेलं. ताई रडली, भाऊजी पाणी प्यायला उठून गेले, आणि आई म्हणाली, "नाही."

नाही का, ते मात्र आई सांगेना.

आईच्या मते या नसत्या उद्योगाचं मूळ धाकटीच्या कॉलेजात होतं. तिथे ती प्रजननाचं नीतिशास्त्र शिकत होती, आणि त्यासाठी एक वही लिहावी लागे. मॅडम तिला चिंतनवही म्हणत, वर्ग तिला चिंतावही म्हणे. प्रश्न घ्यायचा, आपलं मत लिहायचं, पण त्याआधी विरुद्ध मत लिहायचं. तेही असं, की ते ज्याचं आहे त्याने वाचून "हो, हे माझंच म्हणणं" म्हणत खाली सही करावी. सही नसेल तर मॅडम ते पान वाचतही नसत. "समोरच्याच्या तोंडी मूर्खपणा घालून त्याला हरवणं कुणालाही जमतं," असं त्यांचं म्हणणं.

बाकीची मुलं एकमेकांच्या सह्या घेऊन मोकळी होत. धाकटीने मात्र या वेळी आईची बाजू लिहायला घेतली. दवाखान्याची तारीख जवळ आली होती. ती जाणार तर होतीच, पण आईचा नकार नीट न समजता जायचं तिच्या जिवावर आलं होतं.

आता आईची सही मिळवणं म्हणजे खायचं काम नव्हे. बाईंचा जन्म बँकेत लोकांच्या सह्या पडताळण्यात गेलेला. कुरिअरवाल्यालासुद्धा पाकीट उलटंसुलटं करून पाहिल्याशिवाय त्यांची सही मिळत नसे.

पहिला मजकूर धाकटीने झोकात लिहिला. इंजेक्शनांचे दुष्परिणाम, शस्त्रक्रियेचा धोका, दात्या स्त्रीची स्वायत्तता. आईने चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला.

"स्वायत्तता हा शब्द मी कधी वापरलाय?"

"अर्थ तोच आहे, आई."

"मग सही तूच कर. अर्थ तोच."

दुसऱ्यांदा धाकटीने आईचेच शब्द लिहिले. लोक काय म्हणतील, उद्या तुझं लग्न व्हायचंय, सासरचे काय म्हणतील.

"हे तर तूच बोलली होतीस," धाकटी म्हणाली.

"बोलले होते. पण ते कारण नाही. राग आला, हाताला लागलं ते फेकून मारलं."

धाकटीचं डोकं फिरलं. "मग कारण काय ते सांग ना. मी जाणार आहे, आई. तू सांगितलंस तरी जाणार आणि नाही सांगितलंस तरी जाणार. पण नाही सांगितलंस तर मूर्खासारखी जाईन."

आई वाळलेल्या चादरीची घडी घालत होती. एक टोक तिने धाकटीच्या हातात दिलं आणि दुसरं आपण धरलं.

"माय मरो पण मावशी जगो, म्हणतात. म्हणायला काय जातं? तुझ्या ताईला मी ओळखते. तिच्या बाहुलीला कुणी हात लावला तर ती दिवसभर जेवत नसे. उद्या पोर तुझं नाक घेऊन आलं, कुणीतरी म्हणालं, अगदी मावशीवर गेलंय हो. एकदा ऐकून घेईल, दोनदा घेईल. मग तुला बोलावणं कमी होईल. भांडण नाही होणार. भांडण झालं तर मिटतं तरी. मला नातवंड हवंय गं. पण त्यापायी एक मुलगी हरवायची नाहीये."

धाकटीने चादर खाली ठेवून वही ओढली. पुस्तकात याला काही नाव नव्हतं, आणि वाईट म्हणजे ते खरं वाटत होतं. तिने ते तसंच्या तसं उतरवून काढलं. आईने वाचलं, धाकटीने मध्येच घुसडलेलं एक "कदाचित" खोडलं, आणि बँकेत करायची तशी पूर्ण सही केली.

"आता तरी जाऊ नकोस."

"तुझं म्हणणं बरोबर लिहिलं, एवढ्यापुरतीच ती सही आहे, आई. मी ते मान्य केलं असं नाही."

वही मॅडमकडे दिली असती तर चांगले गुण पडले असते. पण धाकटी तडक ताईच्या चष्म्यांच्या दुकानात गेली. हे वाचून ताई नको म्हणेल, कायमची दुखावेल, काहीही होईल, हे तिला कळत होतं. तरी गिऱ्हाईक जाईपर्यंत ती थांबली आणि तिने वही काउंटरवर उघडून ठेवली.

ताईने वाचलं. तिचे कान लाल झाले.

"आईने माझ्याबद्दल हे म्हटलं?"

"हो."

"आणि तू लिहून घेतलंस."

"हो. खोटं असेल तर सांग. मी जाऊन आईला तोंडावर सांगते."

ताई एक स्वच्छ काच उगाच पुसत राहिली. "दिवसभर जेवत नसे हे खोटं आहे. संध्याकाळी जेवायचे."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं खरं आहे." तिने काच खाली ठेवली. "अजून मूल नाही, काही नाही, आणि मला आत्ताच तुझ्या नाकाचा राग येतोय. मला मूल हवंय. पण मी अशीच वागेन बहुतेक. तू आलीस की दारातूनच सांगेन, बाळ झोपलंय."

"सांग. ते उठेपर्यंत मी बाहेर बसेन."

"ते रोज झोपलेलं असेल."

"मग रोज बसेन."

ताईने दुकानाच्या दारावरची पाटी उलटी केली, पर्स उचलली आणि म्हणाली, "चल. डॉक्टरांकडे दोघी जाऊ. वाटेत माझ्याशी बोलू नकोस, मला अजून राग आलाय."