सिमेंट न वापरलेला पूल

चूक धाकटीचीच होती. तिने सरकारी पत्राला खरं उत्तर दिलं.

पत्र बांधकाम खात्याचं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या राहत्या घरात आपण विटा आणून काही बांधत असल्याची तक्रार आली आहे, तरी खुलासा करावा. तक्रार खालच्या मजल्यावरच्या सेक्रेटरींनी केली होती. हे इमारतीचे सेक्रेटरी, आणि धाकटीचं घर बरोबर त्यांच्या डोक्यावर. धाकटी जिन्यातून फोनवर बोलत चढली होती, ‘आज पाच हजार विटा आल्या, उद्यापासून बांधायला घेते,’ आणि ते ऐकून माणूस पायरीवरच मटकन बसला होता.

धाकटी एका लॅबमध्ये कवळ्या बनवायची. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडाला शोभेल असं काम करायची आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःच्या मनाला शोभेल असं. म्हणजे प्लॅस्टिकच्या, मुलं खेळतात त्या विटांची रेल्वे. खोक्यातली तयार नव्हे. खोक्यावरचं चित्र बघून गाडी जोडणं म्हणजे तिच्या लेखी दुसऱ्याने चावून दिलेलं खाणं. तिचं इंजिन तिचं होतं, डबे तिचे होते, बोगदे तिचे होते, आणि बाहेरच्या खोलीभर पसरलेल्या टेबलांवरून हे सगळं फिरून पुन्हा स्टेशनात येत होतं. खेळण्यांच्या दुकानात नवीन विक्रेता विचारायचा, “मुलाचं वय काय, मॅडम?” ती सांगायची, “चौतीस.” मग तो पिशवी जरा जपून द्यायचा.

तर तिने उत्तर लिहिलं ते असं:

‘होय, विटा आणल्या आहेत. एकूण एकतीस हजार चारशे. बांधकाम गेली चार वर्षे चालू असून एक स्टेशन, दोन बोगदे व अकरा कमानींचा एक पूल पूर्ण झाला आहे. सिमेंट अथवा तत्सम काहीही वापरलेले नाही. आमच्यात ते निषिद्ध मानतात. विटा केवळ एकमेकींवर दाबून बसवल्या आहेत. कळावे.’

विटा जोडणाऱ्या जमातीला ही खोड असते. कुणी विचारलं की ते सांगतात, तेही आकड्यांसकट. आणि आपण डिंकाचा थेंब वापरत नाही हे तर न विचारताही सांगतात. ‘प्लॅस्टिक’ हा शब्द लिहायचं मात्र तिला सुचलंही नाही. मासा पत्रात ‘पाणी’ कशाला लिहील?

आठवड्याने नोटीस आली. सदर बांधकाम सिमेंटविरहित असल्याने अतिधोकादायक ठरते, सात दिवसांत स्वतःहून काढावे, अन्यथा खाते पाडेल.

आईने नोटीस वाचली आणि चष्मा काढून ठेवला. “मला या सगळ्याचा वीट आलाय.”

“कुठला?” धाकटी म्हणाली. “दोन बाय चारचा की दोन बाय दोनचा?”

आई हसली नाही. चार वर्षं ती बाहेरच्या खोलीतल्या पलंगावर भिंतीकडून चढत होती, कारण दुसऱ्या बाजूला मालगाड्यांचं यार्ड होतं. “काढून ठेव ना खोक्यात,” ती म्हणाली. “साहेब येऊन बघून जाईल. मग परत लाव.”

“पूल परत लागत नाही.”

“का? लावलास तसा लाव.”

धाकटीने पुलाकडे बघत मान हलवली. तो तपकिरी विटांचा होता, आणि या तपकिरी रंगाची एक रीत होती. काही वर्षं झाली की तो आतून ठिसूळ व्हायचा. वीट बसलेली आहे तोवर जन्मभर बसेल. उपटायला गेलं की बिस्किटासारखी दुभंगते. मागल्या वर्षी तिने तिसऱ्या कमानीतली एकच काढून पाहिली होती. तिचे तीन तुकडे झाले आणि त्या दिवशी धाकटी जेवली नाही. आता तर तसल्या विटा कुठे मिळतही नव्हत्या.

थोरल्या बहिणीने फोन केला. “अगं, सरळ लिहून दे, खेळणं आहे म्हणून. मोकळी हो.”

“तू तुझ्या नोकरीला लिहून दे खेळणं आहे म्हणून,” धाकटी म्हणाली. त्यानंतर थोरलीने हवापाण्याचं विचारलं आणि फोन ठेवला.

सात दिवस धाकटीने एकही वीट काढली नाही. उलट घातल्या. तिच्या गाडीची रुंदी आठ खुंट्यांची होती, म्हणजे विटेवर जे गोल उंचवटे असतात ते आठ. साध्या गाड्या सहाच्या असतात. आठचा लांब डबा वळणावर पोट बाहेर काढतो आणि बोगद्याच्या तोंडाला घासतो. नऊ डब्यांची गाडी त्यामुळे आजवर एकदाही पूर्ण फिरली नव्हती; सातवा डबा कुठेतरी लोळण घ्यायचाच. धाकटीने प्रत्येक डब्याची चाकं आत सरकवली, बोगद्याचं तोंड एका खुंटीने वाढवलं. आणि लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत बांधकाम खात्याची नियमावली वाचून काढली. तिथली बाकीची माणसं नियमावली बघून तिच्यापासून थोडी लांब बसू लागली.

आठव्या दिवशी सकाळी दहाला साहेब आले. डोक्यावर हेल्मेट. मागे मुकादम आणि त्याची दोन माणसं, घण आणि पहार घेऊन. खाली राडारोडा न्यायला ट्रक उभा होता. सर्वांत मागे सेक्रेटरी, कारण पुढे राहायचं त्यांना धाडस नव्हतं.

“विटा कुठायत?” साहेबांनी विचारलं.

“ह्या काय.”

साहेबांनी टेबलांकडे पाहिलं. मग टेबलांखाली पाहिलं. मग धाकटीकडे.

“फाइलमध्ये एकतीस हजार चारशे आहेत.”

“तेवढ्याच आहेत. दोन सोफ्याखाली गेल्यात, त्या धरून.”

“विटेचे तीन किलो धरले तर चौऱ्याण्णव टन होतात,” साहेब सावकाश म्हणाले. “कार्यालयाने गणित केलंय. त्या हिशेबाने ही जमीन दोन वर्षांपूर्वीच खाली जायला हवी होती. ती अजून का गेली नाही, याचा खुलासा मागवलाय.”

“कुणाकडून?”

“माझ्याकडून.”

धाकटीला त्यांची पहिल्यांदा कीव आली.

“पंधरा दिवस मी दाराच्या चौकटीत उभा राहून जेवतोय, छत आलं तर चौकट तरी वाचवेल म्हणून,” सेक्रेटरी मागून म्हणाले. विटा बघूनही त्यांचा आवाज खाली आला नव्हता. चौकटीत जेवलेला माणूस असा सहजी माघार घेत नाही. “वजन ते वजन. प्लॅस्टिक असो नाहीतर सोनं.”

“सगळं मिळून बहात्तर किलो आहे, काका. तुमचं किती?”

“चौऱ्याऐंशी.”

“मग वजन बघूनच उचलायचं असेल, तर आधी कोणाला?”

मुकादमाने सेक्रेटरींकडे धंद्याच्या नजरेने पाहिलं.

साहेबांनी पिशवीतून एक छापील कागद काढला. “हे बघा, ताई. एक ओळ लिहा. ‘सदर वस्तू खेळणे आहे.’ खाली सही. फाइल बंद. मी पण घरी, तुम्ही पण घरी.”

“मी घरीच आहे.”

“म्हणजे मी घरी.”

“लिही गं,” आई म्हणाली.

“नाही लिहिणार.”

“एक शब्द आहे, ताई,” साहेब म्हणाले. “शब्दाने काय कुणाचं जातं?”

“तोच तर जातो.” धाकटीने खिशातून त्या तुटलेल्या तपकिरी विटेचे तुकडे काढून साहेबांच्या तळहातावर ठेवले. “खेळणं म्हणजे काय, मोडलं तर परत लावता येतं. ही वीट बसलेली असते तोवर लोखंड. काढायला गेलं की ही अशी. अख्खा पूल असल्या विटांचा आहे. तो काढता येत नाही, साहेब. फक्त पाडता येतो. जे काढता येत नाही, फक्त पाडता येतं, त्याला तुमच्या पुस्तकात काय म्हणतात?”

साहेबांनी तुकडे एकमेकांना जुळवून पाहिले. माणूस प्रामाणिक होता, हीच अडचण होती.

“बांधकाम,” ते म्हणाले.

“हेच मी पत्रात लिहिलं होतं.”

“पण मग पाडावं लागेल.”

“कुठून सुरू करू?” मुकादमाने विचारलं आणि घण या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. तो घण सगळ्या स्टेशनापेक्षा मोठा होता.

“नियम एकोणचाळीस,” धाकटी म्हणाली. “मालकाने मागितली तर पाडण्याआधी भारचाचणी घ्यावी लागते. टिकलं तर राहतं.”

साहेबांनी नियमावली काढली, पान शोधलं, वाचलं, आणि अशा चेहऱ्याने मिटली की आजवर तिथपर्यंत कुणी पोचलं नव्हतं हे कळावं. “घर कुणाच्या नावावर आहे?”

घर आईच्या नावावर होतं. सगळे आईकडे वळले. साहेबांनी तिच्यापुढे दोन कागद ठेवले. एकावर खेळणं. दुसऱ्यावर भारचाचणी, आणि त्याखाली बारीक अक्षरात: अनुत्तीर्ण झाल्यास जागेवर पाडण्यास हरकत नाही.

“पुलाला नाही झेपलं तर?” आईने लेकीला विचारलं.

“तर घण.”

आईने पलंगाकडे पाहिलं, यार्डाकडे पाहिलं. “साहेब, चार वर्षं मी या पलंगावर भिंतीकडून चढतेय,” ती म्हणाली. “या गुडघ्यांनी. खेळण्यासाठी चढले असते काय मी?” आणि तिने दुसऱ्या कागदावर सही केली. पूर्ण नाव, नवऱ्याचं, सासऱ्याचं, आडनाव. जागा कमी पडली तेव्हा समासात.

नियमाप्रमाणे भार नेहमीच्या दीडपट हवा होता. डबा अर्ध्या किलोचा. म्हणजे प्रत्येक डब्यात आणखी पाव किलो. आईने साखर सुचवली. धाकटीने कपाट उघडलं. तिथे लॅबमधून घरी आणलेलं काम होतं: गिऱ्हाइकांच्या जबड्यांचे प्लॅस्टरचे साचे, प्रत्येक सव्वाशे ग्रॅम. एकेका माणसाचा वरचा आणि खालचा, असे दोन. तिने डब्यांची छपरं काढली आणि प्रत्येक डब्यात एक गिऱ्हाईक बसवलं.

साहेबांनी काट्यावर दोन जबडे वजन करून पाहिले. बरोबर भरले.

सेक्रेटरी वाकले. “हा पुढचा दात...”

“तुमचाच, काका. पाचवा डबा. खिडकीजवळ दिलीय जागा.”

सेक्रेटरींनी तोंड उघडलं आणि जरा विचार करून मिटलं.

गाडी सुटली. इंजिनात दोन मोटरी होत्या आणि दोन्ही कण्हत होत्या. पहिलं वळण आलं. सातवा डबा हलला, पण पडला नाही. बोगद्यात गाडी शिरली तेव्हा सगळ्यांनी डबे मोजायला सुरुवात केली. मुकादम मोठ्याने मोजत होता. नऊ आत गेले, नऊ बाहेर आले. मग पूल.

इंजिन पहिल्या कमानीवर चढलं. दुसरी. तिसरी. पाचवा डबा तिसऱ्या कमानीच्या बरोबर मधोमध आला, आणि आवाज झाला. कट्.

फार मोठा नव्हता. नख तुटल्याएवढा. सेक्रेटरींनी गालावर हात ठेवला. आईने डोळे मिटले. साहेबांचं पेन कागदावर थांबलं. धाकटीचा हात बटणावर होता. एक बोट दाबलं असतं तर गाडी थांबली असती, भार उतरला असता, पूल तेवढ्यापुरता वाचला असता आणि चाचणी गेली असती.

तिने वेग वाढवला.

सहावा गेला. सातवा, आठवा. नववा डबा अकराव्या कमानीवरून उतरला तेव्हा मुकादमाने घण जमिनीवर ठेवला आणि त्यावर कोपर टेकलं. गाडी दुसऱ्या बोगद्यातून फिरून स्टेशनात आली. नऊ डबे, नऊ माणसं, बत्तीसच्या बत्तीस दात ज्यांना होते त्यांचे.

साहेब गुडघ्यांवर बसले आणि हेल्मेट काढून पुलाखाली पाहू लागले. तिसऱ्या कमानीतल्या एका विटेला केसाएवढी भेग गेली होती. त्यांनी पट्टीने ती मोजली. विनवणी करायची नाही हे धाकटीने आधीच ठरवलं होतं.

साहेबांनी लिहिलं: ‘भेग एक, नऊ मिलिमीटर. बांधकाम सुस्थितीत. सिमेंट वापरलेले नाही. गरज दिसत नाही.’

“म्हणजे हे राहणार?” सेक्रेटरींनी विचारलं.

“अधिकृत आहे आता,” साहेब म्हणाले. “तुम्ही टेबलापाशी बसून जेवा.”

“आणि माझ्या दातांचं?”

“गुरुवारी या, काका,” धाकटी म्हणाली. “प्रवासाने काही झालं नाहीये त्यांना.”

मुकादमाने जाताना विचारलं की सिग्नल पण चालतो का. चालतो म्हटल्यावर त्याने तो दोनदा चालवून पाहिला, त्याच्या दोन माणसांनी एकेकदा, आणि मग तिघंही खाली रिकाम्या ट्रककडे गेले.

साहेबांनी मंजुरीचा कागद तिच्या हातात दिला. शेवटी एक अट होती. ‘यापुढे खात्याच्या पूर्वपरवानगीशिवाय कोणतेही वाढीव बांधकाम करू नये.’ धाकटीने ती दोनदा वाचली, पोच म्हणून सही केली, आणि साहेबांना दारापर्यंत सोडून आली.

साहेब अजून अर्ध्या जिन्यात असतील. वर, धाकटीने एक न फोडलेली पिशवी घेतली, दातांनी फाडली आणि पलंगाशेजारी ओतली. असा आवाज दुसऱ्या कशाचाच होत नाही; इमारतभर जातो. खाली पावलं थांबली.

“किती आहेत?” आईने विचारलं.

“दोन हजार.”

“कुठे नेतेयस?”

“पलंगाखालून. स्वयंपाकघरापर्यंत.”

खाली पावलं अजून थांबलेलीच होती. आईने पलंगाची गादी उचलून भिंतीला उभी केली.

“मग फाटक कर एक,” ती म्हणाली. “मला मधून जायला लागेल.”