न चाखता निवाडा

मी एक बाटली बोलतेय. मुठीत मावेल एवढी, चौकोनी, घट्ट बुचाची. माझ्या पोटातलं सोनेरी पाणी म्हणजे मेपलच्या झाडाच्या रसाचा पाक, असं तुम्हाला वाटलं असेल तर चुकलात. ते साधं रंगवलेलं ग्लिसरीन आहे. पाकाचा एक थेंबही मी कधी चाखलेला नाही. तरीसुद्धा अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या या डोंगरात कुठला पाक पहिल्या प्रतीचा, हे मीच ठरवते. न चाखता निवाडा देणारी जगात मी काही एकटीच नसेन.

एका डबीत आम्ही चौघी बहिणी आलो: सोनेरी, पिंगट, गडद आणि काळी. ताजा पाक आमच्या शेजारी उजेडात धरायचा आणि रंग ताडून पाहायचा. माझ्याइतका किंवा माझ्याहून फिका निघाला तर सोनेरी, नाहीतर खालची प्रत. डबीच्या झाकणावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की संच एकच हंगाम वापरा, उन्हापासून दूर ठेवा. आमच्या मालकाने, वेंडल टॅट्रोने, चष्मा न लावताच ते झाकण फेकून दिलं आणि आम्हाला रस आटवायच्या भट्टीघराच्या दक्षिणेकडच्या खिडकीत मांडलं.

तिथे उन्हाने व्हायचं ते झालं. दर वर्षी मी थोडी थोडी फिकी पडत गेले. वेंडलला वाटायचं, आपलाच पाक वर्षागणिक काळवंडतोय.

हंगामातल्या पहिल्या उकळीचा पाक सोनेरी निघाला नाही तर तो विकायचा नाही, हा त्याच्या बापाचा दंडक. सहा वसंत मी तो नापास केला. सहाही वेळा वेंडल खाली मान घालून डबे घरी घेऊन गेला.

पण खाताना त्याचा तोरा बघावा. भट्टीघराच्या दाराशी ताज्या बर्फावर तोच पाक गरम गरम ओतायचा, सोबत इथल्या रिवाजाप्रमाणे डोनट आणि काकडीचं आंबट लोणचं घ्यायचं, आणि बायकोला, आयडेलाला, ऐकवायचं की सोनेरी म्हणजे शहरातल्या लोकांचं खूळ, खरी चव खालच्या प्रतीतच. हा पठ्ठ्या उत्तम सोनेरी पाक चाटत चाटत सोनेरीलाच नावं ठेवायचा. आयडेला मान डोलवायची आणि आणखी एक पळी वाढून घ्यायची.

सातव्या वर्षीही मी नकार दिला. वेंडल सरपणाच्या ढिगावर मटकन बसला.

"हात गेला माझा," तो म्हणाला. "कढई विकून टाकू."

मला फार वाईट वाटलं. अरे बाबा, हात तुझा गेला नाही, रंग माझा गेलाय, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण बाटलीला गळा असतो, आवाज नसतो.

चार दिवसांनी आयडेला नवी कोरी डबी घेऊन आली. तिने नवी सोनेरी बाटली माझ्या शेजारी ठेवली. तिच्यापुढे मी धुऊन धुऊन विटलेल्या सदऱ्यासारखी दिसत होते. मग तिने त्याचा पाक मध्ये धरला. तो त्या नव्या बाटलीहूनही फिका होता.

वेंडलने दोन्ही बाटल्या आलटून पालटून उजेडात धरल्या. मग म्हणाला, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"दुसऱ्या वर्षापासून."

"आणि बोलली नाहीस?"

"चव्वेचाळीस वर्षं तुझ्याबरोबर बर्फ तुडवत झाडांचा रस गोळा करतेय. चांगला माल शहरात, आणि हंगामाच्या शेवटचा कडवट काळा पाक माझ्या ताटात. ही बाटली फिकी पडली तेव्हा कुठे पहिला पाक घरात राहिला. मी कशाला बोलू? पण तू कढई विकायला निघालास, मग म्हटलं आता पुरे."

या गोष्टीला तीन वर्षं झाली. नवा संच आता अंधाऱ्या खणात असतो, दर वर्षी बदलतो, आणि विकायचा माल त्याच्यावरच पारखला जातो. पहिल्या उकळीला मात्र वेंडल खण उघडत नाही. तो चष्मा लावून माझ्याकडे येतो, पाक माझ्या शेजारी धरतो आणि चेहरा पाडून म्हणतो, "यंदाही नाही जमलं गं. घरीच ठेवावा लागणार."

"अरेरे," आयडेला म्हणते, आणि डोनटचं ताट पुढे सरकवते.

म्हणून तुम्हाला एकच विनंती. माझी कीव करून मला सावलीत हलवू नका. पुढच्या वर्षी पाक आणखी फिका निघाला, तरी तो मला नापास करता आला पाहिजे.