रामनाथांच्या चिकूखालच्या मुंग्या

मसोलीच्या रामनाथ राऊतांची चिकूची वाडी, आणि तिच्यातलं कोपऱ्यातलं एक झाड त्यांच्या मते सगळ्या डहाणूत अव्वल. पुरावा काय, तर दोन वर्षांपासून बुंध्याशी लागलेली मुंग्यांची रांग. "माणूस फसेल, मुंगी फसत नाही," असं ते येईल त्याला सांगत. त्याच बुंध्याशी आपण धोतर सावरून कशाला जातो, हे मात्र सांगत नसत. घरात मोरी होती, पण जुनी सवय. हल्ली तर तासातासाला फेरी व्हायची.

२०१६ साली नर्सरीवाला हितेश त्या झाडाच्या काड्या कलमांसाठी न्यायला येणार होता. कलमाचं नावही ठरलं होतं, 'रामनाथ'. माणसाला आणखी काय हवं? पण पायाच्या अंगठ्याची एक जखम मेली सुकेना. झाडापर्यंत लंगडत जाणं जमेना, म्हणून स्वारी घराजवळच्या, पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागेच उरकू लागली. बायको हिरकणी डॉक्टरचं नाव काढी, आणि हे "हळद लाव" म्हणून तिला वाटेला लावत.

हितेश आला. रामनाथ लंगडत का होईना, पण तोऱ्यात त्याला बुंध्याशी घेऊन गेले. तिथे औषधालासुद्धा मुंगी नव्हती.

"मुंग्या बघायच्यात ना? मोटारीच्या खोलीमागे जा," हिरकणी ओट्यावरून म्हणाली. "तिथे जत्रा भरलीय."

हितेश जाऊन बघून आला, तेव्हा त्याचं हसू मावळलं होतं. "काका, काड्या राहू द्या. आमच्या बाबांचं असंच झालेलं. आधी रक्त तपासा."

साखर चारशेच्या वर निघाली. डॉक्टर नूतनबाईंनी समजावलं, "स्टेशनात चिकूच्या पेट्या येऊन पडल्यात, पण डब्यात चढवायला हमाल नाहीत, तसं झालंय. हमाल म्हणजे इन्सुलिन. साखर रक्तातच पडून राहते, पेशी उपाशी, म्हणून तुम्ही वाळलात. जास्तीची लघवीतून जाते, तिला मुंग्या लागतात. अशा रक्तात जखम भरत नाही. आणखी थांबला असतात, तर अंगठा कापावा लागला असता."

रामनाथ घाबरले. त्यांनी चारचौघांत हिरकणीचा हात धरला, आणि सोडायचं विसरले.

मग गोळ्या, पथ्य, ड्रेसिंग. रोज सकाळी ते खोलीमागे मुंग्यांची हजेरी घ्यायला जात. रांग विरळ होत गेली आणि एक दिवस कोणीच आलं नाही. अंगठाही भरला. त्या दिवशी हिरकणीने त्या झाडाच्या चिकूची एक फोड त्यांच्या हातावर ठेवली.

रामनाथांनी ती हळूहळू चघळली. "साधाच आहे की गं."

"मला पहिल्यापासून ठाऊक आहे. तुम्ही खूश होतात, म्हणून बोलले नाही."

"मग पायाचं तेवढं का बोलत राहिलीस?"

"वाडीत झाडं पुष्कळ आहेत," हिरकणी म्हणाली आणि उरलेला चिकू तिने स्वतः खाऊन टाकला.